फोंड्याची साफा मशीद: इतिहास आणि वास्तू

साफा मशीद ही विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातली मशीद. फोंडा शहरापासून सुमारे दोन किलोमीटरवर, पणजी-फोंडा रस्त्याला लागून ती उभी आहे. बांधकामाचे साल १५६० असे सर्वत्र दिले जाते. गोव्यात आदिलशाहीच्या फार थोड्या इमारती आज शाबूत आहेत, त्यांत ही सर्वांत नावाजलेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती संरक्षित स्मारक म्हणून ताब्यात घेतलेली आहे, आणि तरीही ती केवळ स्मारक नाही. तिथे आजही नमाज होते.

आमच्यापैकी कितीतरी जणांनी ही मशीद बसच्या खिडकीतूनच पाहिली आहे. बँकेच्या नोकरीत काही वर्षे फोंड्याला काढली, रोज सकाळ-संध्याकाळ याच रस्त्याने ये-जा केली, पण आत पाऊल टाकले ते निवृत्तीनंतर. तेव्हा ध्यानात आले, की आमच्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराची गोष्ट सांगताना आपण जी पाने उलटतो, त्याच वहीत या मशिदीचेही पान आहे. साल तर अगदी तेच आहे. म्हणून हा लेख.

सन १५६०: नदीचे दोन काठ

आधी त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागेल. अफोंसो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे शहर आदिलशाहीकडून कायमचे घेतले. त्याबरोबर तिसवाडी बेट, दिवाडी, चोडण हा भाग पोर्तुगीजांकडे गेला. बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये गेली. बाकीचा गोवा, म्हणजे आमची डिचोली, पेडणे, सत्तरी आणि खाडीपलीकडचा फोंडा अर्थात अंत्रूज महाल, आदिलशाहीतच राहिला. म्हणजे सरहद्द आमच्या नार्व्याच्या धक्क्यासमोरून जात होती. फेरीबोटीत बसून आपण आज पाच मिनिटांत दिवाडीला उतरतो, तेव्हा ते एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. बाणस्तारीला कुंभारजुव्याच्या कालव्यावरही तीच सरहद्द.

आता १५६० साल पाहू. या साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले. त्याची कचेरी थाटली गेली ती गोवे शहरातल्या 'सबायो'च्या वाड्यात, म्हणजे आदिलशहाच्याच जुन्या वाड्यात. याच साली कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला, आणि त्या जागेला मंगेशी हे नाव पडले. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेल्याचे सालही हेच दिले जाते. त्या जागी कपेल उभे राहिले, आणि कदंबांचे कुलदैवत असलेल्या देवाचे लिंग विहिरीच्या काठावर दोर ओढायला लावले गेले, ही हकीगत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. नारायण शेणवी सूर्यराव सरदेसाई यांनी ते लिंग सोडवून नदीच्या या काठावर आणले. पुढे नोव्हेंबर १६६८ मध्ये, शके १५९० च्या कार्तिकात, शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. दारावरचा शिलालेख आपण सर्वांनी वाचलेला आहे.

आणि १५६० मध्येच, मंगेश ज्या महालात येऊन विसावला त्याच महालात, दोन-चार कोसांवर, साफा मशीद बांधली गेली.

हा योगायोग नुसता सालांचा नाही. मंगेश प्रियोळला आला, पाठोपाठ वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. हे सारे देव आले ते आदिलशाही मुलखात. फोंड्यात त्यांना आसरा मिळाला तो तिथली रयत आणि देसाई यांच्या जोरावर, पण सत्ता विजापूरची होती आणि त्या सत्तेने ही देवळे उभी राहू दिली. त्याच सत्तेने त्याच मातीत, त्याच चिऱ्यांत आपली मशीद बांधली. अंत्रूज ही देवळांची भूमी म्हणून आपण जो अभिमान बाळगतो, त्याच्या नकाशावर ही मशीद परकी नाही.

मात्र जमेची बाजू लिहिली तर खर्चाचीही लिहिली पाहिजे, नाहीतर ताळेबंद जुळायचा नाही. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ त्याआधी चौदाव्या शतकात बहमनी फौजेने पाडले होते, आणि विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले होते. म्हणजे आमच्या देवाने मोडतोड दोन वेगवेगळ्या सत्तांची पाहिली आणि आसरा तिसरीकडे घेतला. इतिहासात एकाच रकान्यात सगळे बसत नाही.

कोणी बांधली?

बहुतेक माहितीपत्रकांत बांधकाम 'इब्राहिम आदिलशहाने १५६० मध्ये' केले असे असते. इथे आमच्यातला जुना बँकवाला अडतो. पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ ला गादीवर आला आणि १५५८ मध्ये त्याचा मुलगा अली गादीवर बसला. दुसरा इब्राहिम आला तो १५८० मध्ये. म्हणजे १५६० च्या धनादेशावर इब्राहिमची सही चालणार नाही. सही अली आदिलशहाचीच हवी, आणि काही लेखक तसेच लिहितात. साल खरे धरले तर मशीद अलीची, नाव खरे धरले तर ती निदान दोन वर्षे जुनी. मेळ बसवायचाच झाला तर बापाच्या कारकिर्दीत काम सुरू होऊन मुलाच्या कारकिर्दीत पुरे झाले असे म्हणता येते. इमारतींच्या बाबतीत असे नेहमी होते. पण हा मेळ आमचा आहे, कागदावरचा नव्हे.

या पहिल्या इब्राहिमविषयी एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी. त्याने दरबारातल्या परदेशी सरदारांचे वजन कमी केले आणि राज्याचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला सुरुवात केली. विजापूरच्या दरबारात बसून इतिहास लिहिणारा फरिश्ता त्या भाषेला हिंदवी म्हणतो. आपल्याकडचे अभ्यासक ती मराठी असल्याचे मानतात. हिशेब ठेवणारे कारकून ब्राह्मण होते. तेव्हा फोंडा महालाचा वसूल ज्या दप्तरात चढत होता, त्या दप्तराची भाषा आपल्याला अगदीच अनोळखी नव्हती.

उस्मानी तुर्कांशी नाते

आदिलशाही घराण्याचा मूळ पुरुष यूसुफ आदिलखान. फरिश्ता त्याच्याविषयी एक चमत्कारिक कथा सांगतो. यूसुफ हा ऑटोमन म्हणजे उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा. मुराद १४५१ मध्ये वारला आणि दुसरा महंमद गादीवर आला. गादीला दावेदार राहू नयेत म्हणून भावांना ठार मारण्याची रीत तिथे होती. तेव्हा आईने या पोराला एका व्यापाऱ्याच्या हवाली केले, त्याच्या जागी दुसरे मूल ठेवले, आणि यूसुफ इराणातल्या सावा गावी वाढला. पुढे तो हिंदुस्थानात आला, बहमनींच्या चाकरीत चढत गेला आणि विजापूरचा धनी झाला. इतिहासकार या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. नव्या राजघराण्याला जुन्या घराण्याचे टेकण लागतेच, आणि विजापूरने ते उस्मानींकडून घेतले. पण कथा खोटी असली तरी तिचा परिणाम खरा होता. विजापूरच्या इमारतींच्या कळसांवर जी चंद्रकोर दिसते, तिचे मूळ या उस्मानी नात्यात असल्याचे सांगतात. पोर्तुगीज गोव्याच्या जुन्या धन्याला 'सबायो' म्हणत. ते नाव या सावा गावावरूनच आले असे मानले जाते. आदिलखानाचे त्यांनी 'इदलकांव' केले. पणजीचे जुने सचिवालय ज्याला आपण आदिलशहाचा वाडा म्हणतो, त्याचे पोर्तुगीज नाव त्यावरूनच पडले.

कथेपलीकडचे नाते मात्र पक्के आहे. उस्मानी मुलखातून आलेल्या माणसाला आपल्याकडे 'रूमी' म्हणत. १५०९ मध्ये दीवच्या आरमारी लढाईत पोर्तुगीजांनी पराभव केलेल्या फौजेतले बरेच रूमी गोव्याला येऊन राहिले होते, आणि इथे नवे आरमार उभे राहत असल्याची खबर हे आल्बुकेर्कच्या गोव्यावरील स्वारीचे एक कारण होते. १५३८ मध्ये उस्मानी आरमार पुन्हा दीवपर्यंत येऊन गेले. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल; ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि ओतणारा रूमीच होता. तालिकोटच्या लढाईनंतर अली आदिलशहाने १५७०-७१ मध्ये गोवे शहराला वेढा घातला. अहमदनगरचा निजामशहा त्याच वेळी चौलवर चालून गेला होता. वेढा फसला, आणि खाडीची सरहद्द होती तिथेच राहिली.

तोफा आल्या, माणसे आली. मग उस्मानी मशिदीचा नमुना आला का? साफा मशिदीत तो शोधायला जाल तर निराश व्हाल. पण तो का आला नाही, हे पाहण्यात खरी मौज आहे.

इस्तंबूलची मशीद आणि फोंड्याची मशीद

सुलतान सुलेमानसाठी त्याचा मुख्य स्थपती सिनान याने इस्तंबूलला बांधलेली सुलेमानिये मशीद १५५० ते १५५७ या काळात उभी राहिली. फोंड्याच्या मशिदीच्या अवघी तीन वर्षे आधी. सुलेमानियेचा मुख्य घुमट २६ मीटरांहून अधिक रुंद आणि जमिनीपासून सुमारे ५३ मीटर उंच आहे. सिनानने पुढे एदिर्ने येथे सेलिमिये मशीद बांधली, १५७५ मध्ये पुरी केली, आणि तिचा घुमट ३१ मीटरांवर नेला. उस्मानी मशिदीचा सारा खटाटोप एका गोष्टीसाठी असतो: मधे खांब न येता एका घुमटाखाली जास्तीत जास्त माणसे एका रांगेत उभी राहावीत. मोठ्या घुमटाचा भार अर्धघुमटांवर, त्यांचा भार लहान घुमटांवर, आणि बाहेरून पाहिले तर डोंगर उतरत आल्यासारखी आकृती. वरून शिशाचे पत्रे. चार कोपऱ्यांना पेन्सिलीसारखे टोकदार मिनार. पुढे फरसबंदी अंगण, त्यात वजूसाठी कारंज्याची छत्री.

फोंड्याला यांतले काय आहे? घुमट नाही. उंच मिनार नाहीत. एक आयताकृती खोली, उंच जोत्यावर, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी उतरते कौलारू छप्पर. लांबून पाहिले तर आमच्याकडच्या एखाद्या जुन्या घरासारखे वाटावे असे. पायऱ्या चढून वर गेल्यावर मात्र घराचा भास संपतो. भिंतींवर बाहेरून कमानींच्या कोनाड्यांची रांग आहे, मेहराबीच्या आकाराची, प्रमाणबद्ध. जोत्यावर खोलीभोवती चिऱ्याच्या अठकोनी खांबांचे बुंधे उभे आहेत, कुणी कमरेएवढा, कुणी त्याहून थोडा उंच. म्हणजे मूळ वास्तूला चारी बाजूंनी ओसरी होती. आज दिसते ती फक्त गाभ्याची खोली. तिचे सोपे कोसळून गेले आहेत. हे एकदा लक्षात आले की इमारत लहान वाटत नाही. मनातल्या मनात त्या बुंध्यांवर खांब चढवावेत, खांबांवर वासे टाकावेत, छप्पर खाली ओढून आणावे, म्हणजे मूळ रूप दिसू लागते.

बांधकाम जांभ्याचे, आपण ज्याला चिरे म्हणतो त्याचे, वर चुन्याचा गिलावा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. पण तो सच्छिद्र, खडबडीत. त्यावर विजापूरच्या काळ्या दगडासारखे बारीक नक्षीकाम होत नाही. म्हणून साफा मशिदीत अलंकार आहे तो कोरण्याचा नाही, आकाराचा आहे: कमान, कोनाडा, पट्टी, आणि त्यांवर पडणारी सावली. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात पाहिली तर हे चांगले दिसते.

आता घुमट का नाही? पहिले कारण पाऊस. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इस्तंबूलला त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. चिऱ्याचा आणि चुन्याचा मोठा घुमट इथल्या चार महिन्यांच्या धारेत पाझरत राहणार, आणि तो झाकायला शिसे आणायचे कुठून? उलट रानात लाकूड मुबलक, कौले भाजणारे कुंभार गावोगाव. दुसरे कारण हात. बांधणारे गवंडी आणि सुतार इथलेच. त्यांना वासे, आढे, भाले यांचे छप्पर येत होते, तेच त्यांनी घातले. केरळात कोळिकोडची मिश्काल मशीदही अशीच कौलारू, अनेक मजली छपरांची आहे. १५१० च्या जानेवारीत पोर्तुगीजांनी तिला आग लावली होती. कोकणपट्टीपासून मलबारपर्यंत मशिदीने आपले छप्पर गावातूनच घेतले. आज दिसणारी कौले अर्थात मूळची नव्हेत. मंगळुरी कौले बासेल मिशनने १८६५ पासून पाडायला सुरुवात केली. त्याआधी छपरांवर नळ्याची कौले असत.

मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, इथे पश्चिमेच्या भिंतीला असतो. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून आहे. इस्तंबूलच्या मशिदीत तीच दिशा आग्नेयेकडे येते. धर्म एक, पण नमाजाला तोंडे वेगवेगळ्या दिशांना, हे नकाशा समोर ठेवल्याशिवाय पटकन ध्यानात येत नाही.

आणि इथे आमच्या नार्व्याचा मुद्दा येतो. सप्तकोटेश्वराचे देऊळ डोळ्यांसमोर आणा. गाभाऱ्यावर शिखर नाही. अठकोनी चौथऱ्यावर बसलेला उथळ घुमट आहे, पुढे उतरती कौलारू छपरे, युरोपी वळणाचा सभामंडप, आणि अंगणात दीपस्तंभ. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर मधे अठकोन आणावा लागतो, ही युक्ती दख्खनच्या गवंड्यांनी विजापुरी आणि बहमनी इमारतींवर काम करताना हातात घेतली आणि मराठ्यांच्या देवळांवर वापरली. म्हणजे पाहा, फोंड्यात मशिदीवर कौलारू छप्पर आहे आणि नार्व्यात देवळावर घुमट आहे. कुणी कुणाचे उसने घेतले हा हिशेब मांडायला बसलो तर दोन्ही खात्यांवर जमा-नावे सारखीच निघतील. गवंड्याला अठकोन ठाऊक होता. तो त्याने मशिदीच्या खांबांना दिला आणि देवळाच्या घुमटाखालीही दिला.

तळी

साफा मशिदीचे खरे वैभव तिच्या बाजूची तळी. जाणकारांत याबद्दल दुमत असेल, पण आम्हांला तरी मशिदीपेक्षा तळीजवळ जास्त वेळ उभे राहावेसे वाटले. सुमारे तीस मीटर लांब आणि तेवढीच रुंद, चौरस, पूर्ण चिऱ्यांत बांधलेली. काठाने पायऱ्या, आणि भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे व लहान लहान खोल्या, हमामाच्या धर्तीवर. वजू आणि स्नान यांसाठी ही सोय. उस्मानी अंगणात जे काम कारंज्याची छत्री करते, ते इथे तळी करते. पाणी वर उडवण्याऐवजी आपण पाण्याकडे खाली उतरायचे.

तळी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. अंत्रूजमधल्या प्रत्येक मोठ्या देवळापुढे ती आहे. जवळच बांदोड्याला नागेशाची तळी आहे, आणि त्या देवळाचा शिलालेख १४१३ सालचा, म्हणजे मशिदीच्या दीडशे वर्षे आधीचा. दिवाडीवर सप्तकोटेश्वराच्या मूळ जागी कोटितीर्थाचे अवशेष आहेत. नार्व्याच्या माणसाला गोकुळाष्टमीच्या दिवशी पंचगंगेच्या तीर्थावर स्नानाला उतरण्याची सवय. त्याला साफाच्या पायऱ्या उतरताना पाय कुठे टाकायचा हे सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की देवळाच्या तळीच्या कोनाड्यांत पणत्या आणि मूर्ती असतात, इथे कोनाडा रिकामा असतो आणि तो रिकामाच असायला हवा.

या तळीत भुयारे आहेत, ती लांबवर जातात, पोहायला उतरलेला माणूस ओढला जातो, असे आसपास सांगतात. आमच्या मते या गोष्टीने पुष्कळ पोरांचे जीव वाचवले असतील.

नंतरचा काळ

फोंडा महालात एके काळी सत्तावीस मशिदी होत्या आणि त्यांतली ही एक उरली, असे वाक्य सर्वत्र वाचायला मिळते. आकडा कुणी आणि कशावरून मोजला हे ते वाक्य सांगत नाही, त्यामुळे आम्ही तो जमेस धरत नाही. मशिदीभोवती मोठी बाग आणि कारंजी होती, ती पोर्तुगीज अमदानीत नष्ट झाली, असेही सांगतात. जोत्याचा आणि तळीचा आकार पाहता भोवती मोकळी राखलेली जागा असणार, यात शंका वाटत नाही.

फोंड्याने पुढची दोनशे वर्षे धनी बदलण्यात घालवली. मे १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंड्याचा किल्ला विजापूरकरांकडून घेतला. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर त्या किल्ल्यावर चालून आला आणि संभाजी महाराजांनी त्याला परतवून लावले. त्यानंतर महाल सौंदेकर राजांकडे गेला. हैदर अलीच्या स्वारीपुढे सौंदेकर टिकले नाहीत आणि १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांच्या हातात आला. आमची डिचोली १७८१ मध्ये गेली, पेडणे १७८८ मध्ये. नव्या काबिजादीत पोर्तुगीजांनी लोकांच्या धर्मात हात घालायचा नाही असे धोरण ठेवले, कारण तोवर काळ बदलला होता. म्हणून अंत्रूजची देवळे राहिली आणि ही खोलीही राहिली. सरहद्द दोनशे वर्षे आधी खाडीपलीकडे सरकली असती तर दोन्ही राहिली नसती.

डिचोलीच्या वाचकांसाठी एक पुरवणी. मुसलमानी वास्तू पाहायला फोंड्यालाच गेले पाहिजे असे नाही. आपल्याच डिचोलीत टेकडीवर नमाजगाह आहे: मेहराब असलेली भिंत आणि पुढे ईदच्या नमाजासाठी मोकळे पटांगण, एवढीच तिची रचना. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. १६८३ च्या सुमारास त्याचा मुक्काम डिचोलीला होता आणि इथून तो पोर्तुगीजांशी बोलणी करत होता. नमाजगाह त्याने बांधवली अशी परंपरा आहे. शेवटी १६८७ मध्ये तो जहाजाने इराणला निघून गेला. मराठ्यांच्या मुलखात, मराठ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या मोगल शहजाद्याची ही आठवण. आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर शिवाजी महाराजांनी उभे केलेले सप्तकोटेश्वर. सुर्लाच्या तार भागातही जुनी मशीद आहे.

पाहायला जाणाऱ्यांसाठी

नार्व्याहून जायचे असेल तर आमची शिफारस गाडीरस्त्याची नाही, फेरीबोटीची आहे. नार्व्याच्या धक्क्यावरून दिवाडी. तिथे सप्तकोटेश्वराची मूळ जागा पाहून बेट ओलांडावे आणि दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याला उतरावे. धक्क्यावरून वर येताना विजरईची कमान लागते, आणि सेंट कायतान चर्चच्या आवारासमोर एकटेच उभे असलेले एक दगडी दार दिसते. आदिलशहाच्या वाड्याचे एवढेच उरले आहे. अनेक जण त्याच्याजवळून फोटो न काढता जातात.

तिथून बाणस्तारीचा पूल ओलांडला की आपण पुन्हा जुन्या आदिलशाहीत शिरलो. वाटेत मंगेशी, मग म्हार्दोळ, मग फर्मागुडीचा चढ आणि उतार, आणि डाव्या-उजव्या बाजूला लक्ष ठेवले तर साफा मशीद चुकत नाही. एका सकाळीत १५६० सालच्या चार जागा पाहून होतात.

शुक्रवारची दुपार टाळावी; त्या वेळी जागा नमाजींची असते. जोत्यावर चढण्यापूर्वी चपला काढाव्यात, देवळात काढतो तशाच. आत नमाज चालू असेल तर तळीच्या काठावर बसून राहावे. रमझान ईद आणि बकरी ईदला इथे मोठी गर्दी असते. इमारत निवांत पाहायची तर इतर दिवशी सकाळी जावे. पावसाळ्यात तळी भरते आणि चिरे शेवाळलेले असतात. म्हाताऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरण्याचे धाडस करू नये. आम्ही गेलो तेव्हा ऑगस्ट होता आणि आमच्यापैकी एक जण घसरलाच. तिथे वजू करत असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी हात देऊन वर घेतले, आणि कुठून आलात म्हणून विचारले. नार्व्याहून, म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे अष्टमीची तयारी टाकून आलात की काय?"